टर्मिनलमधून चित्र बघायचं तर

लिनक्सचा टर्मिनल, म्हणजे कमांड टाइप करायची खिडकी, नव्याने शिकणारा माणूस पहिल्या काही दिवसांत एक उद्योग हमखास करतो. कॅट कमांडने मजकुराची फाइल पडद्यावर येते हे त्याला नुकतंच कळलेलं असतं. मग फोटोची का येऊ नये? तो कॅटपुढे फोटोचं नाव देतो आणि एंटर मारतो. मीही मारलं होतं. पुढचे काही सेकंद पडद्यावरून चौकोन, प्रश्नचिन्हं आणि कुठल्याकुठल्या लिप्यांचे तुकडे धो धो वाहत गेले, मधूनच मशीनने पीं पीं केलं, आणि सगळं थांबलं तेव्हा माझा प्रॉम्प्टसुद्धा (जिथे कमांड टाइप करायची ती ओळ) रेघोट्यांत बोलायला लागला होता. घाबरून मी ती खिडकीच बंद केली.

खिडकी बंद करायची गरज नसते. रीसेट असं टाइप करा, एंटर मारा. टाइप करताना अक्षरं धड दिसणार नाहीत, तरी बोटांवर विश्वास ठेवून पुरं करा. टर्मिनल ताळ्यावर येतो. फोटोला काहीही झालेलं नसतं, कॅटने तो फक्त वाचलेला असतो.

गोंधळ होतो त्याचं कारण साधं आहे. जेपीईजी फाइल म्हणजे ० ते २५५ मधल्या आकड्यांची लांबलचक रांग. टर्मिनल प्रत्येक आकड्याला अक्षर समजून छापायला जातो, पण काही आकडे त्याच्या लेखी हुकूम असतात. ७ आला की घंटा वाजवायची, २७ आला की पुढे येतंय ते अक्षर नाही, सूचना आहे असं समजायचं: रंग बदल, कर्सर हलव, पडदा पूस. फोटोत ७ आणि २७ जागोजागी असणारच. टर्मिनल बिचारा सांगितलं तसं वागत होता.

म्हणजे मध्ये ते आकडे उलगडून चित्र काढणारा कुणीतरी लागतो. तो कोण, हे तुम्ही कुठे बसला आहात यावर ठरतं. नवशिके नेमकं तेवढंच न बघता पॅकेजं इन्स्टॉल करत सुटतात आणि मग ‘माझ्याकडे चालत नाही’ म्हणतात.

लिहिण्याची रीत आधी सांगून ठेवतो. कमांड मी फोनवर सांगाव्यात तशा देवनागरीत लिहितो आहे. टाइप करताना अर्थातच रोमन अक्षरं वापरा आणि ती सगळी लहान. कॅपिटल हवं तिथे तसं सांगेन. आकडेही इंग्रजीच. फाइलला किंवा फोल्डरला मराठी नाव द्यायला मात्र लिनक्सची हरकत नसते, त्यामुळे पुढे ‘निवडक’ नावाचं फोल्डर येईल ते खुशाल देवनागरीत टाइप करा.

आधी जागा ओळखा

टीटीवाय अशी एक तीन अक्षरांची कमांड आहे. ती चालवा. उत्तर /डेव्ह/पीटीएस/० अशा धर्तीचं आलं, तर तुम्ही एखाद्या टर्मिनल खिडकीत आहात किंवा एसएसएचने, म्हणजे नेटवरून लॉगिन करून, दुसऱ्या मशीनवर गेलेले आहात. उत्तर /डेव्ह/टीटीवाय३ असं आलं, तर तुमच्यासमोर खिडक्याबिडक्या नसलेला काळा कन्सोल आहे. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकदम दाबल्यावर बहुतेक मशीनवर दिसतो तो.

एसएसएचचा संशय असेल तर

    इको $एसएसएच_कनेक्शन

डॉलरनंतरची सगळी अक्षरं इथे कॅपिटल. आयपी पत्ते छापले गेले तर तुम्ही दूरच्या मशीनवर आहात, रिकामी ओळ आली तर घरच्याच. ऐकायला बाळबोध वाटतं, पण चार-पाच टर्मिनल उघडे असले की कुठला कोणाचा हे भल्याभल्यांना आठवत नाही.

खिडक्यांच्या जगात असाल तर अजून एक प्रश्न उरतो, पडद्यावर खिडक्या मांडणारी व्यवस्था कुठली, जुनी एक्स११ की नवी वेलँड. $एक्सडीजी_सेशन_टाइप हे चल इकोने छापलं की तेही कळतं. पुन्हा सगळी कॅपिटल.

फाइल खरंच चित्र आहे का

उघडत नसलेल्या चित्रांपैकी बरीचशी चित्रं नसतातच. इंटरनेटवरून उतरवलेली फाइल नावाने .जेपीजी असते आणि आत ‘पान सापडलं नाही’ असं सांगणारं एचटीएमएल पान असतं. म्हणून पहिली कमांड:

    फाइल फोटो.जेपीजी

एफ-आय-एल-ई, दुसरं काही नाही. ही कमांड नावाच्या शेपटीकडे ढुंकूनही बघत नाही. ती फाइलचे सुरुवातीचे बाइट, म्हणजे तेच ० ते २५५ मधले आकडे, तपासते. जेपीईजीची सुरुवात २५५, २१६, २५५ ने होते. पीएनजीचा पहिला बाइट १३७ आणि त्यानंतर चक्क पी, एन, जी ही अक्षरं. प्रकाराबरोबर लांबी-रुंदीही बहुधा छापून येते, तेव्हा ‘हा फोटो केवढा आहे’ एवढंच हवं असेल तर चित्र उघडायचीही गरज नाही.

आणखी खोलात जायचं तर एक्झिफटूल. कॅमेरा, लेन्स, काढल्याची वेळ आणि मोबाइलचा फोटो असेल तर पुष्कळदा जिथे काढला तिथले अक्षांश-रेखांशसुद्धा. अनोळखी लोकांना फोटो पाठवण्याआधी एकदा हे चालवून बघाच.

खिडकी उघडता येत असेल तेव्हा

सगळ्यात सोपा रस्ता एक्सडीजी-ओपन. एक्स-डी-जी, हायफन, ओपन आणि पुढे फाइलचं नाव. फाइल मॅनेजरमध्ये डबल क्लिक केल्यावर जो प्रोग्रॅम उघडला असता तोच उघडतो, काही शिकावं लागत नाही. जुन्या मार्गदर्शकांत याऐवजी ईओजी असं लिहिलेलं सापडेल. तो जीनोम या डेस्कटॉपचा जुना चित्रदर्शक. सप्टेंबर २०२३ मध्ये आलेल्या जीनोम ४५ मध्ये त्याची जागा लूपने घेतली, त्यामुळे नव्या मशीनवर ईओजी टाइप केलंत आणि ‘कमांड सापडली नाही’ असं उत्तर आलं तर चूक तुमची नाही. एक्सडीजी-ओपनला हा त्रास नाही, मागे कोण बसलंय ते तो स्वतः शोधतो.

एकदोन चित्रांपुरतं हे ठीक. पण टर्मिनलवरून चित्रं बघण्यात खरी मजा फेहने येते. अक्षरं एफ-ई-एच. डेबियन, उबुंटू या लिनक्सच्या वितरणांवर

    सुडो एपीटी इन्स्टॉल फेह

सुडो म्हणजे प्रशासकाच्या हक्काने चालव. फेडोरावर एपीटीच्या जागी डीएनएफ. आर्चवर पॅकमन, हायफन, कॅपिटल एस आणि फेह. प्रोग्रॅम एवढासा आहे, बटणं नाहीत, मेनूची पट्टी नाही. चित्र येतं आणि बाकी सगळं कीबोर्डवर.

    फेह -. -डी .

तीन तुकडे आहेत, तिन्हीत बारकावा आहे. हायफन-टिंब म्हणजे मोठं चित्र पडद्यात मावेल इतकं लहान करून दाखव. हे न देता १२ मेगापिक्सेलचा फोटो उघडलात तर फक्त आभाळाचा एक कोपरा दिसेल आणि वाटेल की फाइल बिघडली. हायफन-डी म्हणजे कोपऱ्यात फाइलचं नाव लिही. शेवटचं सुटं टिंब म्हणजे ‘आत्ता मी आहे ते फोल्डर’. फोल्डर द्यायची सवय लावून घ्या, *.जेपीजी देऊ नका. कॅमेरे पुष्कळदा शेपटी कॅपिटलमध्ये लिहितात, लिनक्सला लहान आणि मोठं अक्षर वेगळं वाटतं, आणि मग ‘माझे अर्धे फोटो कुठे गेले’ हा प्रश्न उभा राहतो.

उघडल्यावर उजवा-डावा बाण पुढचं-मागचं, वरचा-खालचा बाण मोठं-लहान, एफ पूर्ण पडदा, क्यू बाहेर. एवढं पुरतं. कमांड देतानाच हायफन, कॅपिटल डी आणि पुढे ५ दिलंत तर दर पाच सेकंदांनी आपोआप पुढे सरकतो. लहान आर दिलं तर आतल्या फोल्डरांतही शिरतो. लहान टी दिलं तर आधी छोट्या चित्रांची पाटी मांडतो.

एका कळीपासून मात्र सावध. नुसतं डिलीट दाबलं तर चित्र फक्त फेहच्या यादीतून जातं, फाइल जागेवर राहते. कंट्रोल धरून डिलीट दाबलं तर फाइल डिस्कवरून जाते. कचरापेटीत नाही, जाते म्हणजे जाते, आणि फेह ‘नक्की का?’ असं विचारतही नाही. मी हे शिकलो त्या दिवशी माझे दोन फोटो कमी झाले.

फेहचा फारसा कुणाला माहीत नसलेला उपयोग म्हणजे बिघडलेली चित्रं शोधणं. हायफन-यू दिलं की तो एकही चित्र दाखवत नाही, फक्त जी फाइल उलगडता आली नाही तिचं नाव छापतो. जुनी हार्डडिस्क वाचवून काढलेल्या फोल्डरवर चालवून चहा प्यायला गेलात तरी चालेल, आल्यावर यादी तयार.

वेलँडवर फेह चालतोच, एक्सवेलँड नावाच्या दुभाष्यामार्फत. तो दुभाषा नको असेल किंवा स्केल केलेल्या पडद्यावर चित्र धूसर दिसत असेल तर आयएमव्ही घ्या. तीन अक्षरं, वापरायला तितकाच सुटसुटीत, वेलँडशी थेट बोलतो आणि एक्स११ वरही चालतो.

हजारातले पन्नास निवडायचे असतील तर

इथे जरा थांबतो, कारण टर्मिनलची वाट धरल्याचा फायदा मला पहिल्यांदा इथेच पटला. एका कार्यक्रमाचे हजारावर फोटो हातात आले होते. त्यातले चांगले तेवढे वेगळे काढायचे. माउसने निवडायला बसलो, दीडशेच्या आसपास पोचलो आणि कंट्रोल सुटून कुठेतरी साधं क्लिक झालं. निवड साफ पुसली गेली. ज्याने हे भोगलंय त्याला पुढचं सांगायला नको.

एनएसएक्सआयव्ही नावाचा प्रोग्रॅम यासाठीच बनवल्यासारखा आहे. जुना एसएक्सआयव्ही सांभाळणं थांबलं तेव्हा त्याच्यातूनच हा निघाला, सुरुवातीचं एन म्हणजे निओ. तुमच्या वितरणात नवा नसेल तर जुन्यावरही खालचं सगळं तसंच चालतं. फोटोंच्या फोल्डरमध्ये जाऊन

    एनएसएक्सआयव्ही -टी -ओ . > यादी.टीएक्सटी

टी म्हणजे छोट्या चित्रांची पाटी. ओ म्हणजे बाहेर पडताना खूण केलेल्या फाइलींची नावं छाप. ती नावं पडद्यावर येण्याऐवजी मोठेपणाच्या चिन्हाने यादीच्या फाइलमध्ये जातात.

पाटी उघडली की बाणांनी फिरा. आवडला तर एम दाबा, त्या चित्रावर खूण उमटते. पुन्हा एम दाबला की खूण जाते. डोळे मिटलेत का, हलला आहे का, शंका आली तर एंटर. तोच फोटो मोठा होऊन येतो. मोठ्यातही एम चालतं, एन आणि पी ने पुढे-मागे जाता येतं, पुन्हा एंटर दाबलं की पाटीवर परत. लय अशी बसते की डावं बोट एमवर, उजवा हात बाणांवर. खूण चुकून पुसली जाण्याची भीती नाही, कारण साधं क्लिक इथे खुणांना हातही लावत नाही. संपलं की क्यू.

आता घाई करू नका. आधी यादी बघा. इथे कॅट चालतं, ही मजकुराची फाइल आहे. मोजायची तर डब्ल्यूसी -एल यादी.टीएक्सटी. आकडा मनातल्याशी जुळला की

    एमकेडीआयआर निवडक
    एक्सआर्ग्ज -ए यादी.टीएक्सटी -डी '\एन' सीपी -टी निवडक

दुसरी ओळ हळूहळू वाचा. एक्सआर्ग्ज हा यादीतली नावं उचलून पुढच्या कमांडच्या हातात देणारा हमाल. स्पेलिंग एक्स-ए-आर-जी-एस. हायफन-ए नंतर यादी कुठली ते. हायफन-डी नंतर एकेरी अवतरणात बॅकस्लॅश आणि एन, म्हणजे ‘एक ओळ म्हणजे एक नाव’. हे विसरलात तर नावात जागा सोडलेली प्रत्येक फाइल दोन तुकड्यांत मोडेल आणि एकही तुकडा सापडणार नाही. शेवटी सीपी -टी निवडक, या सगळ्यांची प्रत निवडकमध्ये ठेव. मी मुद्दाम सीपी लिहिलंय. चारदा सरावल्यावर एमव्ही करा. चुकलेल्या प्रतीने फक्त जागा खाल्ली जाते, चुकून हलवलेले फोटो मात्र शोधत बसावे लागतात.

टर्मिनलच्या आतच चित्र

कधीकधी वेगळी खिडकी नकोच असते, किंवा उघडताच येत नाही. मग चित्र टर्मिनलमध्येच रंगवायचं. यासाठी मी नव्या माणसाला डोळे मिटून एकच नाव सांगतो, चाफा. स्पेलिंग सी-एच-ए-एफ-ए. मराठी कानाला नाव आपलं वाटतं ही फुकटची भेट.

    चाफा फोटो.जेपीजी

एवढंच. चाफा आधी टर्मिनलला काय काय येतं ते बघतो आणि त्याप्रमाणे रंगवतो. काहीच विशेष येत नसेल तर युनिकोडमधल्या ठोकळ्यांनी. त्यातली मूळ युक्ती मोठी देखणी आहे. टर्मिनलमधल्या एका अक्षराचं घर साधारण रुंदीच्या दुप्पट उंच असतं. वरचा अर्धा भाग भरलेला ▀ हा ठोकळा छापला, त्याला एक रंग दिला आणि मागच्या पार्श्वभूमीला दुसरा, तर एका घरात दोन चौकोनी ठिपके बसतात. चाफा एवढ्यावर न थांबता पाव ठोकळे, तिरपे तुकडे असलं बरंच काही वापरतो, म्हणून त्याचं चित्र इतरांपेक्षा रेखीव येतं.

तरी अपेक्षा बेताची ठेवा. ८० स्तंभ आणि २४ ओळींच्या टर्मिनलमध्ये अर्ध्या ठोकळ्यांनी ३८४० ठिपके होतात. ४००० बाय ३००० च्या फोटोत १ कोटी २० लाख असतात. हा बहिणीचा फोटो की भावाचा एवढं कळेल, पावतीवरचा आकडा वाचता येणार नाही. टर्मिनलचा फॉन्ट लहान करून, म्हणजे बहुतेक ठिकाणी कंट्रोल आणि वजाचं चिन्ह दाबून, पुन्हा चालवलंत तर घरं वाढतात आणि चित्र झपाट्याने सुधारतं. हायफन-एस पुढे ६०x३० असं लिहून आकारही बांधून देता येतो.

खरोखरचे पिक्सेल हवे असतील तर टर्मिनलला ते यायला हवेत. एक रीत सिक्सेल. डीईसी कंपनीच्या प्रिंटर आणि टर्मिनलांसाठी १९८० च्या दशकात निघालेली ही पद्धत सहा उभ्या ठिपक्यांचं एक अक्षर करते. सहा ठिपके, प्रत्येक भरलेला किंवा रिकामा, म्हणजे ६४ शक्यता, आणि त्या ६४ शक्यता प्रश्नचिन्हापासून पुढच्या ६४ साध्या अक्षरांवर बसवलेल्या. म्हणून चित्र मजकुराच्या वाटेने निमूट जातं. एवढी वर्षं अडगळीत पडलेली ही कल्पना आता पुन्हा चलनात आली आहे: फूट, वेझटर्म, एमएलटर्म या टर्मिनलांना आणि केडीई डेस्कटॉपच्या कॉन्सोल नावाच्या टर्मिनलच्या नव्या आवृत्त्यांना सिक्सेल येतं. दुसरी रीत किटी या टर्मिनलची स्वतःची. त्यात किटन आयकॅट असं लिहून फाइलचं नाव दिलं की फोटो अगदी फोटोसारखा दिसतो. अलाक्रिटी या टर्मिनलला यातलं काहीच येत नाही. तो वेगासाठी घेतला असेल तर ठोकळ्यांवर समाधान माना.

फोल्डरभर छोटी चित्रं टर्मिनलमध्येच हवी असतील तर एलसिक्स बघा, अक्षरं एल-एस-आय-एक्स. फाइलींची नावं छापणाऱ्या एलएससारखाच, फक्त नावांच्या वर चित्रं. सिक्सेल येणारा टर्मिनल आणि इमेजमॅजिक हे चित्रांवर काम करणारं पॅकेज, दोन्ही लागतात.

टीमक्स, म्हणजे एका टर्मिनलमध्ये अनेक टर्मिनल चालवणारा प्रोग्रॅम, वापरत असाल तर इथे अडाल. तो मध्ये बसून सगळं स्वतः रंगवतो आणि न कळणारं गिळून टाकतो. ३.४ आवृत्तीपासून त्याला सिक्सेल येतं, पण तो कंपाइल करताना ती सोय चालू केली असेल तरच. वैतागण्यापेक्षा टीमक्सबाहेर एक टर्मिनल उघडा, किंवा चाफाला हायफन-एफ सिंबल्स सांगून ठोकळ्यांवर आणा.

चित्र दूरच्या मशीनवर असेल तर

सर्व्हरवर स्क्रिप्टने ग्राफ काढला, तो बरा आलाय का एवढंच बघायचंय. चाफा सर्व्हरवर असेल तर काम झालं, कारण रंगवायचं काम तुमच्या टर्मिनलचं आणि एसएसएच ते निमूट वाहून आणतो. सर्व्हरवर काही इन्स्टॉल करायची परवानगी नसेल तर आपल्या मशीनवरून हे:

    एसएसएच सर्व्हर 'कॅट ग्राफ.पीएनजी' | फेह -

सुरुवातीला ज्या कॅटने माझा टर्मिनल नासवला तोच इथे कामाला आलाय. फरक एवढाच की त्याने ओतलेले बाइट टर्मिनलवर न पडता उभ्या रेघेतून फेहच्या तोंडात जातात. शेवटचा सुटा हायफन विसरू नका, ‘फाइल नाही, येतंय ते घे’ असा त्याचा अर्थ.

सर्व्हरवर जाऊन सरळ फेह चालवलंत तर तो एक्स डिस्प्ले उघडत नाही असं सांगतो आणि वर इंग्रजीत विचारतो, ‘चालू आहे ना तो?’ माझ्या पाहण्यातला हा सगळ्यात खवचट एरर. सर्व्हरला पडदाच नसतो, तो खिडकी उघडणार कुठे? एसएसएचला हायफन आणि कॅपिटल एक्स देऊन ती खिडकी आपल्याकडे आणता येते, सर्व्हरने परवानगी दिली असेल तर. पण नेट जरा मंद असलं की चित्र पट्ट्यापट्ट्यांनी उतरतं. मी त्या वाटेला जात नाही.

चित्रं शेकड्याने असतील तर इमेजमॅजिकच्या माँटाजने सगळ्यांची एकच पाटी करून तेवढी ओढून घ्या:

    माँटाज *.पीएनजी -टाइल ५x -जॉमेट्री २००x२००+४+४ पाटी.जेपीजी

एका आडव्या रांगेत पाच, प्रत्येकाला २०० बाय २०० ची जागा, भोवती ४ पिक्सेलची मोकळीक. जॉमेट्रीचं स्पेलिंग इंग्रजी भूमितीचं, जी-ई-ओ ने सुरू होणारं.

काळ्या कन्सोलवर

टीटीवायने टीटीवाय३ सांगितलं होतं तो प्रकार. इथे खिडक्या नाहीत, म्हणून चित्र थेट पडद्याच्या फ्रेमबफरवर, म्हणजे पडद्यावरचे ठिपके जिथे साठवलेले असतात त्या मेमरीत, लिहायचं. कमांडचं नाव एफबीआय, गुप्तहेरांशी संबंध नाही. हायफन-ए दिलं की चित्र पडद्याइतकं होतं, पेज-अप आणि पेज-डाउनने मागे-पुढे, क्यूने बाहेर. हीच कमांड टर्मिनल खिडकीत किंवा एसएसएचवरून चालवली की तक्रार करते, आणि लोक तिला नावं ठेवतात. ती त्या जागेसाठी नाहीच.

परवानगी नाही असं म्हणाली तर तुम्हाला व्हिडिओ गटात जावं लागेल:

    सुडो यूजरमॉड -एजी व्हिडिओ $यूजर

यात ए लहान, जी कॅपिटल, यूजर हे चल कॅपिटल. यूजरमॉडचं स्पेलिंग यू-एस-ई-आर-एम-ओ-डी. ए गाळू नका. गाळलात तर तुम्ही व्हिडिओ गटात जाल आणि सुडोसकट बाकीच्या गटांतून बाहेर पडाल. मग लॉगआउट करून पुन्हा आत या, त्याशिवाय बदल लागू होत नाही. आणखी एक, या कन्सोलला देवनागरी दाखवता येत नाही. फाइलचं नाव मराठीत असेल तर ठोकळे दिसतील. फाइल शाबूत असते, टॅब दाबून नाव पुरं करून घ्या.

उरलंसुरलं

नावात जागा असेल तर पूर्ण नाव अवतरणात घाला, किंवा पहिली दोन-तीन अक्षरं टाइप करून टॅब दाबा, कमांड वाचणारा प्रोग्रॅम, म्हणजे शेल, बाकीचं स्वतः नीट लिहितो. खिडकी उघडल्यावर टर्मिनल अडकून राहतो असं वाटलं तर कमांडच्या शेवटी & लावा, चित्र उघडं राहील आणि प्रॉम्प्टही परत मिळेल.

आयफोनवरून आलेले .एचईआयसी फोटो उघडले नाहीत तर लिबहीफची हीफ-कन्व्हर्ट कमांड (हीफचं स्पेलिंग एच-ई-आय-एफ) जेपीईजी करून देते. डेबियन, उबुंटूवर ती लिबहीफ-एक्झाम्पल्स या पॅकेजमध्ये असते. पुढे आधी मूळ फाइल, मग नव्या फाइलचं नाव. अगदी नव्या आवृत्त्यांत हिचंच नाव हीफ-डेक झालं आहे.

रोजचंच काम झालं की फेहचे पर्याय दरवेळी लिहायचा कंटाळा येतो. घरच्या फोल्डरमधल्या .बॅशआरसी फाइलच्या शेवटी अशी ओळ घाला:

    एलियस चित्र='फेह -. -डी'

नवा टर्मिनल उघडा आणि चित्र, एक जागा, टिंब. बॅश या शेलला देवनागरी एलियस, म्हणजे टोपणनाव, चालतो, मी करून पाहिलाय. दोन दिवसांनी तो काढून तिथे एकच रोमन अक्षर ठेवलं, कारण कीबोर्ड मराठीवर नेऊन परत आणेपर्यंत फेह दोनदा टाइप करून होतं.